शेणाची टंचाई आणि काडाचा सुकाळ

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. आणि केर, राख, शेण, खरकटे व पावसाचे पाणी हे सारे एकाच खड्ड्यात लोटून वर्षभर त्याकडे पाठ फिरविण्याची आपली वहिवाट ध्यानी घेता ही मुदत मला मुळीच अवास्तव वाटत नाही. वस्तुतः ओल आणि हवा यांचा मेळ साधला, तर पऱ्हाटीसारखा चिवट पदार्थही तीन-चार महिन्यांत काळ्या, भुसभुशीत खताच्या रूपास येतो. मृद्रसायन हा माझा व्यवसाय असल्यामुळे गावोगाव शेतकऱ्यांशी बोलण्याचे प्रसंग येतात, आणि बहुतेक ठिकाणी एकच तक्रार कानी पडते : "साहेब, गुरं राहिली नाहीत, शेणखत आणायचं कुठून?" तक्रार खरी आहे, तिच्यामागचे गृहीत मात्र खरे नाही. या व्यवहारात शेण हे विरजण आहे, दूध नव्हे. दूध म्हणजे तो काडीकचरा, जो हंगाम सरताच आपण बांधावर गोळा करून पेटवून देतो.

ही गोष्ट शास्त्रीय पायावर प्रथम सिद्ध झाली ती होळकरांच्या इंदूर संस्थानात. तेथील वनस्पती-संशोधन संस्थेत १९२४ पासून १९३१ पर्यंत संचालक असलेल्या अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव आज जगभर घेतले जाते; परंतु १९३१ साली ज्या ग्रंथाने ही 'इंदूर पद्धत' जगापुढे मांडली, त्याच्या मुखपृष्ठावर त्यांच्या जोडीने यशवंत वाड या रसायनज्ञाचेही नाव होते, हे मराठी वाचकासही क्वचितच ठाऊक असते, याची मला नेहमी खंत वाटते. माळव्याची जमीन आपल्या वऱ्हाडासारखीच काळी, कापसाची; तेव्हा पऱ्हाट्या आणि तुराट्या यांचे करायचे काय, हा प्रश्नही तोच. त्यावर तेथे योजलेला उपाय पाहण्यासारखा आहे. ही कठीण धाटे गाडीवाटेवर पसरून ठेवीत, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चेचली जात. मग गोठ्यात गुरांखाली त्यांचे अंथरूण होई, गोमूत्र त्यांत मुरे, आणि शेवटी गोठ्यातीलच मूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख आणि थोडे शेण यांच्या थरांसह ती उथळ खड्ड्यात रचली जात. सुमारे पंधरवड्याने, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा ढीग पलटला की ९० दिवसांत खत तयार.

आत काय चालते ते पाहावयाचे असेल, तर रचल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खोचून ठेवावी आणि थोड्या वेळाने ओढून मुठीत धरावी. ती धरवली नाही, तर सर्व यथास्थित आहे असे खुशाल समजावे. कारण आतील उष्णता ६० अंशांच्या वर गेलेली असते आणि तिच्यात तणांचे बी व रोगांचे बहुतेक जंतू नष्ट होतात. पुढे वरचा थर उकरला, तर राख भुरभुरल्यासारखी पांढुरकी बुरशी काड्यांवर दिसते. तिला पाहून पुष्कळजण घाबरतात, पण तीच या कारखान्यातील पहिली कामकरी. ओलीची परीक्षा त्याहून सोपी आहे : मूठभर कचरा घट्ट पिळला असता बोटांच्या फटी ओलावल्या पाहिजेत, पण थेंब गळता कामा नये. थेंब गळला म्हणजे हवेच्या वाटा पाण्याने अडविल्या, आणि मग कुजण्याऐवजी घाण सुटते. नाकात झोंबणारा उग्र वास आला, तर मात्र दोष निराळा. तो अमोनियाचा असतो, म्हणजे शेण किंवा हिरवा पाला अधिक झाल्याने पिकाचे नत्र हवेत उडून चालले आहे.

नत्राचा हा हिशेब शेतकऱ्याला दुसऱ्या वाटेने ठाऊक असतो. गव्हाचे काड कच्चेच जमिनीत गाडले की पुढचे पीक काही आठवडे पिवळे पडते, आणि 'कच्चं खत पीक खातं' असे तो म्हणतो. निदान अचूक आहे. काडात नत्राच्या साठसत्तरपट, क्वचित त्याहूनही अधिक कर्ब असतो. एवढा कर्ब पचविण्यासाठी सूक्ष्मजंतू जमिनीतले नत्र उचलतात आणि पिकाच्या वाट्याला उपवास येतो. हॉवर्ड-वाड यांनी ढीग रचतानाच हे प्रमाण ३३ ला १ च्या आसपास आणले होते. तयार खतात ते १० ला १ च्या जवळ उतरते.

इतके सारे सिद्ध होऊनही इंदूर पद्धत घरोघर का गेली नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून मजुरीच्या जमाखर्चात आहे. ढीग तीनदा पलटणे म्हणजे तीनदा माणसे लावणे. सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली बंगळूरला सिद्ध केलेल्या पद्धतीत पलटणे टळले, पण मुदत सहा-आठ महिन्यांवर गेली. नगरपालिकांना ती सोयीची ठरली. शेतकऱ्याचा प्रश्न माझ्या मते अधिक सफाईने सोडविला तो पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून रूढ झालेले 'नाडेप' टाके आता पुष्कळांच्या परिचयाचे आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि भिंतींत जागोजाग विटा सोडून ठेवलेली छिद्रे. हवा त्यांतूनच खेळते, म्हणून पलटण्याची गरज उरत नाही. अशा एका टाक्यात काडीकचरा सुमारे १५ क्विंटल जातो, चाळलेली माती त्याहूनही थोडी अधिक, आणि शेण लागते अवघे शंभर किलो. तोंड शेणमातीने लिंपून घ्यावे, भेगा पडतील तशा बुजवाव्यात, अधूनमधून पाणी शिंपडावे. तीन ते चार महिन्यांत खत हाती येते. माती चाळून वाहून आणण्याचा त्रास कोणी सांगितला, तर तो मी नाकारणार नाही; पण तो एकदाच होतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा सोयाबीनचे भुस्कट खळ्यावर पडलेले असेल. तुराट्या त्यानंतर निघतील, आणि पऱ्हाटी उपटायला शिमगा जवळ येईल. तिची वाट न पाहता जे आधी हाती येते त्याने टाके भरून माघात लिंपून टाकले, तर मृगाच्या पेरणीपूर्वी खत शेतात पसरता येते. पऱ्हाटी चेचून ठेवावी. पुढच्या टाक्याच्या तळाशी तिचाच थर चांगला.