टाकी रिकामी आहे!

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा, मला नाही.

तर मंडळी, गेल्या सेमिस्टरला मला मेटलर्जीत केटी लागली. आयर्न-कार्बन डायग्राम हे अधिकृत कारण. पण गंमत अशी, की ज्या लोखंडाने पेपरात दगा दिला, ते तेव्हा माझ्या अंगातूनही पसार झालं होतं!

सुरुवात जिन्यापासून झाली. आमची रूम तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचायची मला सवयच लागली (तिथे कित्येक महिने एकच नोटीस आहे). कंगव्यात केसांचे पुंजके. सकाळच्या लेक्चरला डुलक्या. 'रात्रभर मोबाईल बघत बसतेस', यावर सगळ्यांचं एकमत. मीही मान्य केलं. आपण आळशी आहोत हे लहानपणापासून ऐकलेलं असलं की दुसरं काही सुचत नाही. एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.१. "नॉर्मल आहे, परीक्षेचं टेन्शन असेल," म्हणाले. बायकांमध्ये १२ च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, म्हणजे मी काठावर पास!

मग रूममेटने ओढत दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मॅडमनी विचारलं, पाळीत रक्त जास्त जातं का? जेवणावर लगेच चहा घेतेस का? आणि शेवटी, "बर्फ, खडू, माती असलं काही खावंसं वाटतं का?" मी गारच पडले. कॅन्टीनमध्ये मी सरबत घेते ते बर्फासाठी, हे फक्त रूममेटला माहीत होतं.

फेरिटिनची टेस्ट केली. आकडा आला ६. पंधराच्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपला असं धरतात.

आता हे फेरिटिन काय प्रकरण, ते होस्टेलच्या भाषेत सांगते. नळाला पाणी येतंय म्हणून आपण सकाळी निवांत असतो. वर टाकीत किती उरलंय, कोण बघतं? अंगाला साबण लावला की कळतं! हिमोग्लोबिन म्हणजे नळ, फेरिटिन म्हणजे टाकी. हे एक प्रोटीन आहे, पोकळ गोळ्यासारखं, आणि एकेका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. त्यातलं थोडं रक्तात उतरतं, तेच मोजतात. लोह कमी पडायला लागलं की आधी टाकी रिकामी होते, नळाची धार नंतर बारीक होते. माझा नळ अजून चालू होता, एवढंच. मॅडमनी हल्ली ताप येऊन गेला का तेही विचारलं, कारण इन्फेक्शन असलं की फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं आणि रिकामी टाकी भरलेली वाटते.

गोळ्या सुरू झाल्या. चहा गोळीपासून लांब, आमटीवर लिंबू. (शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. मी घाबरले होते.) थकवा गेला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, टाकी भरायला काही महिने लागतात, असं बजावलंय.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खडूचा प्रश्न ऐकला तेव्हा मला आई आठवली. घरी मसाल्याच्या डब्यामागे एक छोटी डबी असते. त्यात पाटीवरच्या पेन्सिली. माझ्या शाळेत पाटी नव्हतीच, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, हा आईचा खाऊ आहे. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, उरलंसुरलं खाऊन झालं, की ती एक तुकडा कडाकडा चावायची. जिना चढताना ती पण मध्येच थांबते. आम्ही तिला हसायचो.

त्या रात्री फोन केला. "आई, तू अजून पेन्सिल खातेस?" ती हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" मी टेस्टचं बोलले तर, "मला काय धाड भरलीय? तू तुझ्या गोळ्या घे."

दिवाळीच्या सुट्टीत तिला लॅबमध्ये घेऊन जाणार आहे. रिपोर्ट आणायला मीच जाणार. ती गेली तर 'सगळं नॉर्मल' म्हणून कपाटात ठेवून देईल.