खोली शंभराची, कर पंच्याहत्तरावर

सॅन अँटोनियोत सुट्टीला पाहुणे येणार म्हटलं की मराठी घरांत आधी हॉटेलच्या खोलीचा विषय निघतो आणि मग तिच्या बिलाचा. ऑनलाइन बुकिंगच्या अनेक साइटवर भाड्याखाली एकच ओळ दिसते: ‘टॅक्सेस अँड फीज’. त्यातला कर किती आणि कंपनीची फी किती, ते कळायला मार्ग नाही. खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्या घरात जो वाढला, त्याला ही ओळ खटकतेच. तिकडे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं सुटं लिहिलेलं असतं.

आणि हा कर काही किरकोळ नाही. या शहरात तो अनेक वर्षं १६.७५ टक्के होता: ६ टक्के राज्याचा, ९ शहराचा आणि १.७५ काउंटीचा. शहराच्या वाट्याचा पैसा टेक्सासच्या कायद्याने ठरवून दिलेल्या कामांनाच लागतो. अधिवेशन केंद्र, पर्यटनाची जाहिरात, कला, जुन्या वास्तूंचं जतन अशी ती कामं आहेत. पाहुण्यांचा पैसा पाहुण्यांसाठीच्या सोयींवर खर्च व्हावा, हा त्यामागचा साधा हिशोब.

या हिशोबाला भोक पडलं ते ऑनलाइन कंपन्यांच्या धंद्याच्या पद्धतीमुळे. समजा, कंपनीने हॉटेलशी ७५ डॉलरचा दर ठरवला आणि तीच खोली ग्राहकाला १०० डॉलरला दिली. कर भरला जायचा तो ७५ वर. वरच्या २५ डॉलरवर काहीच नाही. शहराच्या वाट्याला ९ डॉलर यायचे तिथे पावणेसात यायचे. एका खोलीमागे सव्वादोन डॉलरची तूट, आणि अशा खोल्या वर्षानुवर्षं विकल्या गेल्या.

कंपन्यांचं म्हणणं असं, की वरचे २५ डॉलर ही आमच्या सेवेची किंमत आहे, तो खोलीचा भाव नव्हे. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बाजार समितीत हर्राशीत जो भाव निघतो, त्यावर बाजार फी लागते. व्यापाऱ्याने तोच माल पुढे तेलाच्या गिरणीला चार पैसे चढवून विकला, तर त्या नफ्यावर समिती पुन्हा फी मागत नाही. पण व्यापारी माल खरेदी करतो, पैसे मोजतो, गोदामात ठेवतो, आणि भाव पडला तर नुकसानही सोसतो. अडत्याचं तसं नसतं. तो माल विकत घेत नाही, सौदा जुळवून देतो आणि आपली अडत घेतो. अडत्याच्या दुकानात झालेल्या सौद्यावर बाजार फी पूर्ण भावावर बसते. अडत आधी वजा करून उरलेल्या रकमेवर फी द्या, असं कुणी म्हणत नाही. ऑनलाइन कंपनी या दोघांपैकी कोण? या पद्धतीत रात्री खोली रिकामी राहिली तर तोटा सहसा हॉटेलचा होतो, कंपनीचा नाही. म्हणजे हे काम अडत्याचं झालं. कर भरायच्या वेळी मात्र तिला व्यापारी व्हायचं असतं.

सॅन अँटोनियो शहराने २००६ मध्ये हाच मुद्दा घेऊन फेडरल कोर्टात दावा लावला. हॉटेल्स डॉट कॉम, एक्सपीडिया, प्राइसलाइन, ऑर्बिट्झ, ट्रॅव्हलॉसिटी अशा कंपन्या प्रतिवादी होत्या, आणि शहराच्या मागे टेक्सासमधली मिळून १७३ शहरं उभी होती. २००९ मध्ये ज्यूरीने शहरांच्या बाजूने कौल दिला. २०१६ मध्ये दंड आणि व्याज धरून सुमारे ८.४ कोटी डॉलरचा अंतिम निवाडा झाला.

पुढच्याच वर्षी अपिलात तो उलटला. कायद्यात कर ‘खोलीच्या वापराच्या किमतीवर’ आहे आणि ती किंमत म्हणजे हॉटेलला मिळालेली रक्कम, असा अर्थ पाचव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने लावला. ह्यूस्टनच्या प्रकरणात टेक्सासच्या अपील कोर्टाने २०११ मध्ये तसाच अर्थ लावला होता. शहरांची फजिती एवढ्यावर थांबली नाही. अपील चालू असताना कंपन्यांनी निवाड्याच्या रकमेसाठी जे बाँड दिले होते, त्यांचा खर्च कुणी सोसायचा, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ मे २०२१ रोजी सगळ्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की तो सॅन अँटोनियोने द्यायचा. ही रक्कम २२ लाख डॉलरहून अधिक होती. कर मागायला गेलेलं शहर कर न मिळवता उलट पैसे मोजून परतलं.

इतर राज्यांत निकाल वेगळे लागले. साउथ कॅरोलायनात २०११ मध्ये राज्य जिंकलं, तर कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये सॅन दिएगो हरलं. न्यूयॉर्क शहराने जास्त शहाणपण दाखवलं. जुन्या शब्दांवर भांडत बसण्याऐवजी २००९ मध्ये कायद्याचे शब्दच बदलून घेतले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते मान्य केले. जॉर्जियातल्या कोलंबस शहराने कोर्टात बाजी मारली, तर कंपन्यांनी तिथली हॉटेलंच आपल्या यादीतून काढली. एका मध्यम शहरावर एवढा दाब टाकता येत असेल, तर हा प्रश्न एकेका नगरपालिकेच्या वकिलावर सोडणं अन्यायाचं आहे.

पाहुण्यांसाठी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत मुक्कामाचा दर दाखवताना सक्तीच्या सगळ्या फी धरूनच दाखवाव्या लागतात. सरकारी कर तेवढा नंतर दाखवता येतो, म्हणून पैसे भरण्याच्या पानावरची एकूण रक्कमच दुसऱ्या साइटशी ताडून पाहावी. दुसरी गोष्ट नव्या नोकरीवर येणाऱ्यांसाठी. घर मिळेपर्यंत हॉटेलात सलग ३० दिवस किंवा जास्त राहायचं असेल, तर टेक्सासमध्ये हा कर लागत नाही. पण तसं हॉटेलला सुरुवातीलाच लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही, तर पहिल्या ३० दिवसांचा कर भरावा लागतो. अनेक कुटुंबांना हे महिना उलटल्यावर कळतं.

आता खामगावच्या बुलढाणा जिल्ह्यातलं चित्र पाहा. तिकडे कर कशावर बसायचा आणि तो कुणी भरायचा, हा प्रश्न जीएसटीने बराचसा सोडवला आहे. जीएसटी नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या हॉटेलची खोली साइटवरून विकली गेली, तर तो कर साइटनेच सरकारजमा करायचा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. शेगावसारख्या ठिकाणी देवस्थानाच्या आवारातल्या दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांना सूटही आहे.

पण या पाच टक्क्यांतला अर्धा दिल्लीला जातो आणि अर्धा मुंबईला. लोणार नगरपरिषदेच्या तिजोरीत खोलीमागे थेट एक रुपयाही येत नाही. जीएसटीपूर्वीचा लक्झरी टॅक्सही राज्याचाच होता. लोणार सरोवराला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला, पाहुणे आले, आणि त्यांच्यासोबत कचरा आणि सांडपाणीही आलं. गावाचं सांडपाणी सरोवरात जाऊ नये, हा मुद्दा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. सॅन अँटोनियोकडे कर आहे, पण त्याचा पाया कोर्टाने कापला. लोणारात पाया शाबूत आहे, पण कर गावाचा नाही. राज्याला आपल्या अडीच टक्क्यांतला ठरावीक वाटा अर्थसंकल्पातून त्या त्या नगरपरिषदेला देता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, आणि कर कोणत्या गावच्या हॉटेलातून आला, हे नोंदणी असलेल्या हॉटेलांपुरतं तरी जीएसटी नोंदणीतल्या पत्त्यावरून कळू शकतं. लोणार, शेगाव आणि सिंदखेड राजा या तीन नगरपरिषदांपासून ही सुरुवात करता येईल, आणि जिल्ह्याच्या आमदारांनी पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात हीच मागणी लावून धरायला हवी.