बाप धावला

देवाला आई म्हणणे आपल्या कानांना रुळलेले आहे. विटेवरच्या विठोबालाही आपण माउली करून टाकले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण ही सवय काही सुटली नाही. ख्रिस्तालाही त्यांनी अभंगांतून आईच म्हटले. बाप म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो कमरेचा पट्टा. निदान माझ्या तरी.

म्हणून आमच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती बाईंनी, दादरच्या पोर्तुगीज चर्चसमोर बसची वाट पाहता पाहता, येशूने गेथशेमानेच्या बागेत देवाला ‘अब्बा’ अशी घरगुती हाक मारली असे सांगितले, तेव्हा मला नवल वाटले. मग त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. वाटणी उडवून, डुकरे राखून परतणारा मुलगा दूर असतानाच बापाला दिसतो आणि बाप धावत सुटतो.

“दूर असताना दिसला, म्हणजे रोज वाटेकडे डोळे लावून बसत असणार,” बाई म्हणाल्या. त्यांची बस आली. मी मात्र मनाने लालबागच्या आमच्या चाळीत पोचलो होतो.

१९८२च्या संपात बाबांची गिरणी गेली आणि त्यांचे बोलणेही गेले. हात तेवढा बोले. १९९५ साली मी दहावीला नापास झालो आणि घरी न जाता गिरगाव चौपाटीवर बसून राहिलो. रात्री अकराला गल्लीत शिरलो तो बाबा गॅलरीत उभे. मला पाहताच तीन जिने उतरून ते अनवाणी धावत आले. मार चुकवायला मी हात वर केले. त्यांनी ते धरले आणि म्हणाले, “चल. जेवायचं थांबलोय.” आईने त्या रात्री दोन अंडी केली, एक त्यांना, एक मला. आमच्या घरी ती मेजवानीच.

तेवढ्यात दादा कामावरून आला. घर चालावे म्हणून नववीतच शाळा सोडलेला. ताटाकडे पाहून तो म्हणाला, “मी तर पास होत होतो.” आणि न जेवताच गॅलरीत गेला.

गोष्टीतला थोरलाही असाच रुसून बाहेर राहतो. पण तिथे बाप पुन्हा उठतो, त्याची समजूत घालायला बाहेर येतो. हे पुढे मी स्वतः वाचले आणि पुस्तक मिटले. तीन जिने उतरलेल्या बाबांना गॅलरीपर्यंतची चार पावले जमली नव्हती. ज्याचे देणे लागतो त्याच्यासमोर जाणे अवघड असते, अशी मी त्यांच्या वतीने सबब शोधून ठेवली होती.

बाबा आता नाहीत. दादा बदलापूरला असतो. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे फराळाला बसलो असताना मी धीर करून त्या रात्रीचा विषय काढला. तो बराच वेळ चकलीचे तुकडे करीत राहिला.

“अंडं पार गार झालं होतं,” तो म्हणाला. “बाबा त्यांच्या वाटणीचं घेऊन बाहेर आले होते. बोलले काही नाहीत. मी खाईपर्यंत शेजारी उभे राहिले.”

मला हे ठाऊक नव्हते. मी झोपलो होतो.