दाढदुखी समजून आठ दिवस घालवले



बुरशी पाहिली नाही असे आपल्यापैकी कोण आहे? भिजलेल्या कडब्यावर ती येते, पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत येते, शिळ्या पावावर येते. खताच्या खड्ड्यात तर ती हवीच असते. पालापाचोळा कुजवण्यात तिचा वाटा मोठा. अशी ही रोजच्या ओळखीची बुरशी माणसाच्या जिवंत अंगात घर करू शकते, हे मला २०२१ सालच्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. घडले ते आपल्यापुढे ठेवते, कारण त्यात दैवाचा भाग थोडा आणि आमच्या चुकांचा भाग पुष्कळ आहे.

आमच्या यांना साखरेचा आजार सहा वर्षांपासून. गोळी आठवली तर घ्यायची, नाहीतर नाही. त्या वर्षी कोरोनाने गाठले. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले सहा दिवस ऑक्सिजनवर. स्टिरॉइडची इंजेक्शने दिली आणि त्यांनी जीव वाचला, हे मी मान्य करते. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच औषधाच्या पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. पाच दिवसांनी हे म्हणाले, "अगं, या गोळ्यांनी चांगली हुशारी वाटते. आणखी आणव." मी तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून आणखी दहा दिवसांच्या आणवल्या. दुकानदाराने विचारले नाही, मीही कोणाला विचारले नाही.

दिवस आंब्यांचे. माणूस मरणाच्या दारातून परत आलेला. रोज दुपारी मी वाटी भरून आमरस दिला, सकाळी तुपातला शिरा. माझ्या हातांनी दिला. साखर तपासायचे कोणाच्या मनातही आले नाही.

मग वरची दाढ दुखू लागली. सासूबाईंनी लवंग धरायला दिली. नाक एका बाजूने चोंदले, ते सर्दीवर घातले. असे आठ दिवस गेले. एके सकाळी धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "अक्का, दादांचा गाल एकाच बाजूला का हो सुजलाय? आणि डोळ्याची पापणीही खाली आलीय." मी रोज पाहत होते, पण मला दिसले नव्हते.

तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून टाळूवरचा काळा डाग पाहिला आणि दाढ काढलीच नाही. "आजच्या आज जिल्ह्याला न्या," एवढेच बोलले. तिथे नाकात दुर्बीण घालून तुकडा काढला, तपासला. रोगाचे नाव म्युकरमायकोसिस. रक्तातली साखर चारशेच्या वर होती.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समजावले ते सांगते. या बुरशीचे बी मातीत, हवेत, सगळीकडे असते. ते रोज आपल्या नाकात जाते आणि निरोगी शरीर ते मारून टाकते. पण बी रुजायला वाफसा लागतो ना? वाढलेली साखर आणि शरीराची ताकद दाबणारे स्टिरॉइड, दोन्ही मिळून तो वाफसा तयार होतो. रक्ताच्या कर्करोगाच्या किंवा मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांनाही अशा बुरशीचा धोका असतो. लोक 'काळी बुरशी' म्हणतात, पण बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे रक्त गोठते, आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. एका माणसाची दुसऱ्याला ती लागत नाही.

मेलेला भाग कापून काढण्यावाचून इलाज नसतो, कारण तिथे रक्तच जात नाही, मग औषध कसे पोचणार? वरचा अर्धा जबडा काढावा लागला. तीन दिवसांनी डॉक्टरबाई म्हणाल्या, "डोळाही ठेवता येणार नाही. ठेवला तर मेंदूकडे जाईल." कागदावर सही मला करायची होती. मी यांच्याजवळ जाऊन सांगितले. हे बराच वेळ गप्प राहिले आणि मग पुसटसे म्हणाले, "उसाला पाणी कोण देतंय?" मी म्हटले, "भाऊजी देतात." हे म्हणाले, "मग कर सही."

औषध होते अँफोटेरिसिन. ते शिरेतून द्यायचे, अंगात हुडहुडी भरायची, मूत्रपिंडाला इजा होऊ नये म्हणून सतत रक्त तपासायचे. त्या मे महिन्यात ते बाजारात मिळेनासे झाले होते. सरकार रुग्णांच्या संख्येप्रमाणे वाटून देत होते. जून २०२१ अखेर देशात या रोगाचे ४०,००० वर रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. शेजारच्या दोन खाटा आमच्यासमोर रिकाम्या झाल्या. नवलाची गोष्ट अशी की हे औषधही मातीतलेच. १९५० नंतरच्या काही वर्षांत, दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. मारणारे आणि तारणारे, दोन्ही मातीतच!

बैलजोडी विकली, पण हे वाचले. आता तोंडात बनावट टाळू बसवली आहे. ती नसली की पाणी नाकातून येते. बाहेर निघताना काळा चष्मा लावतात. शेतात मात्र लावत नाहीत.

भगिनींनो, माझे सांगणे थोडके आहे. घरात साखरेचा रोगी असेल तर त्याची साखर वेळच्या वेळी तपासा, आजारपणात तर नक्कीच. स्टिरॉइडची गोळी डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस द्या. मनाने वाढवू नका आणि मनाने एकाएकी बंदही करू नका. अशा रोग्याला खताचा खड्डा उपसायला लावू नका, लावावाच लागला तर तोंडा-नाकाला मास्क हवा. आणि मोठ्या आजारानंतर एका बाजूचे नाक चोंदले, गाल सुजला, दात हलू लागला, एकाचे दोन दिसू लागले, तर लवंगेवर एक दिवसही घालवू नका.

आमचे आठ दिवस गेले. ते वाचते तर डोळा वाचता का, हे मी डॉक्टरबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "कदाचित." तो शब्द माझ्या मनातून अजून जात नाही. आंब्याच्या दिवसांत हे अजूनही रसाची आठवण काढतात. मी दोन फोडी कापून देते, त्याही साखर तपासून.