पायाला लागणारा आवाज

कराडहून चिपळूणला आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट आणि खाली पोफळी, अलोरे, शिरगाव. अंतर शंभरएक किलोमीटर. अम्मींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माहेर चिपळूणजवळ गोवळकोटला, वाशिष्ठीच्या काठी. या मे महिन्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं. गाडी दहा वर्षांची. चालवणारी मी, कारण आमच्या ह्यांना चालवण्यापेक्षा सूचना देणं जास्त जमतं.

गाडी वाजत होती. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही ती पूर्ण रिकामी केली. आरशाला टांगलेली तसबीह वळणावर काचेला आपटत होती. जॅक स्टेपनीजवळ मोकळा पडला होता, त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं. मागच्या सीटवर कुणी नसलं की बेल्टचं बक्कल प्लास्टिकवर टकटक करी. उभ्या गाडीत रेस दिली की भुर्रर्र व्हायचं, तो सायलेन्सरवरच्या पत्र्याचा आवाज निघाला. बोल्टाभोवती पत्रा गंजून खाल्ला गेला होता, गल्लीतल्या मिस्त्रींनी मोठा वॉशर घालून आवळून दिला. एवढं करून मला फारच हुशार झाल्यासारखं वाटलं.

पाटण सोडलं, रस्ता खराब लागला आणि खालून ‘ठक’ ऐकू आलं. हा आवाज आधीपासूनच असणार, बाकीच्या खडखडाटात दडलेला. गुळगुळीत रस्त्यावर गायब. वीसच्या वेगाने खड्ड्यातून गेलं की हजर. मी हलका ब्रेक दाबून पाहिला, तरी वाजतच राहिला, म्हणजे ब्रेकचे पॅड नव्हेत. हे म्हणाले मागचा शॉकर. मुलगा म्हणाला दरवाजा. मला तो डॅशबोर्डमधून येतोय असं वाटत होतं. पत्र्यातून आवाज कुठून कुठे फिरतो, त्यामुळे तिघांचेही कान फसत होते.

पुढच्या सीटवर अम्मी. त्यांना ऐकू कमी येतं, आमचा वाद त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या एकदम म्हणाल्या, “अगो, इथं खाली कोण ठोकतंय? माझ्या डाव्या पायाला लागतंय.”

डावा पाय, म्हणजे डावं पुढचं चाक. “घरी परतल्यावर दाखवू,” हे म्हणाले. लग्नाची वेळ गाठायची होती, मलाही ते पटत होतं. पण समोर घाट होता आणि अम्मी त्याच चाकावर बसल्या होत्या. घाटाआधी रस्त्यालगत एक गॅरेज दिसलं, तिथे मी गाडी वळवली.

उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वरून-खालून धरून हलवलं. खट्. पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा हलवलं. ढिलाई तशीच. “ब्रेक दाबल्यावर गेली असती तर बेअरिंग,” ते म्हणाले. “हा लोअर आर्मचा बॉल जॉइंट आहे, भाभी. हा निसटला तर चाक आडवं होतं.” जॉइंटचं रबर फाटलेलं, आत ग्रीसऐवजी माती. ह्यांनी घड्याळात पाहायचं थांबवलं.

पार्ट पाटणहून एसटीने, कंडक्टरच्या हाती आला. अडीच तास गेले. समोरच्या घरातल्या बाईंनी अम्मींना पडवीत खाट टाकून दिली, वजूला पाणी दिलं. जोहर तिथेच झाली. नवा आर्म बसवल्यावर उस्तादांनी बुशचे बोल्ट लगेच आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवली, तिचं वजन पडू दिलं आणि मग आवळले. लटकत्या चाकावर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे मला तिथे कळलं. “चिपळूणला अलाइनमेंट करून घ्या,” त्यांनी बजावलं.

घाटात करवंदं विकणारी मुलं उभी होती. दोन द्रोण घेतले. खालच्या वळणांवर दरीतून गरम, दमट वारा येऊ लागला, तसा अम्मींनी पदर सैल केला. मधे एक मोठा खड्डा गाठला आणि मी दात आवळले. काहीच वाजलं नाही.

“पायाला लागतंय का?” मी ओरडून विचारलं.

“नाही गो,” त्या म्हणाल्या, “पण करवंदं आंबट आहेत.”

निकाह होऊन गेला होता. जेवणाच्या दस्तरखानाला मात्र आम्ही वेळेत पोचलो.