शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पुष्कळ रकाने असतात. विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक. आणि बऱ्याच खाली ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना. मी ३४ वर्षे शिक्षिका होते, त्यांतली शेवटची ६ मुख्याध्यापिका. त्या रकान्यात मी शेकडो वेळा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले असेल. या दोन शब्दांआड काय काय दडलेले असते ते दाखला देणाऱ्यालाच ठाऊक. कुणाच्या वडिलांची बदली, कुठे भाऊबंदकी, कुणाला इंग्रजी माध्यमाची ओढ, तर कुणा मुलीच्या धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी दुसरे कुणी नाही. परंतु ‘मुलाला कोणत्याच शाळेत घालायचे नाही, आम्ही घरीच शिकवू’ हे कारण माझ्या साऱ्या सेवाकाळात एकदाही आले नाही. ते आले निवृत्तीनंतर, आणि तेही माझ्या पोटच्या लेकीकडून.

सन २०२२ च्या जून महिन्यात तिने माझ्या नातवाचे नाव शाळेतून काढले. तो तेव्हा आठ वर्षांचा होता.

आमच्या वसईच्या ख्रिस्ती समाजात हे ऐकणाऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांना सहज येईल. आमची पूर्वपिढी केळी, पानवेली आणि फुलझाडे यांच्या आधाराने जगली. पहाटेच्या गाडीने भाजीचे आणि फुलांचे ओझे मुंबईला न्यायचे, रात्री रहाटाचे पाणी वळवायचे, असे ते आयुष्य. त्या वाड्यांतून आम्हांला बाहेर काढले ते चर्चच्या सावलीत उभ्या राहिलेल्या शाळांनी. माझे वडील व्हर्नाक्युलर फायनल झाले, तेव्हा त्यांच्या हाती पत्र वाचून घ्यायला चार वाड्यांवरून माणसे येत. ‘शाळा बुडवू नकोस’ हे वाक्य आमच्या घरी ‘पाप करू नकोस’ याच्या खालोखाल उच्चारले जाई. मी डी.एड. झाले तेव्हा आईने मिस्साबलिदान अर्पण करवले. अशा घराण्यातल्या मुलीने आपल्या मुलाला शाळेतून काढावे! शेजारणींनी थेट काही विचारले नाही. ‘बाळाची तब्येत बरी आहे ना?’ एवढेच त्या विचारीत.

बाळाची तब्येत बरी नव्हती, हे मात्र खरे. दर रविवारी संध्याकाळी, आम्ही जपमाळेची प्रार्थना सुरू करीत असू त्याच सुमारास, त्याच्या पोटात कळा येऊ लागत. सोमवारी सकाळी वांती होई. शनिवारी मात्र पोट अगदी ठणठणीत. डॉक्टरांनी दोनदा तपासले आणि औषध लिहून न देता लेकीकडे नुसते पाहिले. त्याच्या वर्गात साठाच्या आसपास मुले होती. डायरीत लाल शाईने रोज एखादे वाक्य येई: लक्ष नाही, लेखन अपूर्ण, पालकांनी भेटावे. अक्षरे त्याच्यासमोर उलटीपालटी होत. इंग्रजीतले ‘बी’ आणि ‘डी’ त्याला वेगळे दिसतच नसत. एकदा त्याला बाकावर उभे करून सगळ्या वर्गाला हसायला सांगितले गेले, असे तो पुष्कळ दिवसांनी आणि दुसऱ्याच कशावर बोलता बोलता सांगून गेला. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. साठ मुलांसमोर उभे राहणे म्हणजे काय ते मला माहीत आहे.

लेकीने निर्णय घेतला तो मात्र या प्रसंगामुळे नव्हे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा देशभरच्या लाखो आयांप्रमाणे तीही मुलाशेजारी बसून त्याची शाळा पाहू लागली. तिला दिसले ते असे: बाई प्रश्न विचारीत इंग्रजीत; हा उत्तर पुटपुटे घरच्या सामवेदी बोलीत, बहुधा बरोबर; आणि मग ते इंग्रजीत कसे सांगावे या विचारात असतानाच दुसऱ्या मुलाचे नाव पुकारले जाई. घरची बोली एक, चर्चमधली मराठी दुसरी, शाळेची इंग्रजी तिसरी. तीन पायऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पोर पडले होते. पुढे मुंबईच्या एका रुग्णालयात त्याची रीतसर चाचणी झाली आणि ‘अध्ययन-अक्षमता’ हा शब्द आमच्या घरात आला.

“आई, याला शिकवायला दोन तास पुरतात,” ती मला म्हणाली. “उरलेले पाच तास तो तिथे फक्त भितो.”

मी पुष्कळ वाद घातला. निवृत्त मुख्याध्यापिकेने दुसरे काय करावे?

पालक असा निर्णय का घेतात, याची उत्तरे देशोदेशी निराळी आहेत. अमेरिकेत जॉन होल्ट नावाचे एक शिक्षक होते. मुले शाळेत का अपयशी ठरतात यावरचे त्यांचे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. आरंभी त्यांना शाळा सुधारायच्या होत्या. पुढे ती आशा सुटली आणि १९७७ साली त्यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढले. त्यांच्या मागे येणाऱ्यांत धर्माचा फारसा संबंध नव्हता. त्यानंतर मात्र धार्मिक वृत्तीची कुटुंबे फार मोठ्या संख्येने या वाटेला लागली, कारण सरकारी शाळेत प्रार्थना नाही आणि जे शिकवले जाते ते त्यांच्या श्रद्धेला पटत नाही. कॅथलिकांसाठी व्हर्जिनियात सेटनच्या नावाने टपालाने धडे पाठवणारी एक शाळाही १९८० च्या सुमारास निघाली. १९९३ पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर ठरले होते. याच्या अगदी उलट जर्मनी. तिथे मुलाने शाळेत जाणे सक्तीचे आहे. एका ख्रिस्ती दांपत्याने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे दाद मागितली, तेव्हा २००६ साली न्यायालयाने जर्मनीच्याच बाजूने निकाल दिला: शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी आईबापांना धर्म शिकवायला मोकळीक आहेच, आणि निरनिराळ्या विचारांच्या मुलांनी एकत्र वाढणे हे समाजाच्या हिताचे आहे. ही बातमी मी लेकीला मोठ्या उत्साहाने ऐकवली. ती म्हणाली, “आपण जर्मनीत राहत नाही.”

आपल्याकडे अमेरिकेतले ते कारण फारसे लागू नाही. आमच्या शाळांत प्रार्थना आहे, क्रूस आहे, धर्मभगिनी आहेत. इथे घरी शिकवणारे जे थोडे पालक मला लेकीमुळे भेटले, त्यांतल्या कुणालाही शाळेच्या अधर्माचे भय नव्हते. कुणाचे मूल माझ्या नातवासारखे अडखळणारे, कुणाचे वर्गाच्या फार पुढे धावणारे, कुणी शिकवण्या, गुण आणि दप्तराच्या ओझ्याला विटलेले. एक जोडपे तर स्वतः शिक्षक होते. त्यांच्याशी बोलताना मला अवघडल्यासारखे झाले, हे सांगितले पाहिजे.

आपली ख्रिस्तसभा याविषयी काय म्हणते, हे मी आमच्या धर्मग्रामाच्या फादरांना विचारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत असे स्वच्छ म्हटले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबावर लिहिताना हा हक्क दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही असे सांगितले. परंतु त्याच जाहीरनाम्यात शिक्षणाच्या साऱ्या साधनांत शाळेचे महत्त्व विशेष मानले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतही भाविकांनी शाळांची बूज राखावी असा नियम आहे. दोन्ही बाजूंना बोट ठेवायला ओळी आहेत. फादर हसले. “तुमच्या लेकीला हक्क आहे यात वाद नाही, बाई. मात्र रविवारच्या धर्मशिक्षणाला त्याला धाडा. तिथे घरशाळा चालणार नाही!”

मला या वादात वारंवार आठवली ती लिझ्यूची संत तेरेजा. तिची आई १८७७ साली वारली. थोरली बहीण पोलिन हिने तिला घरीच शिकवले. साडेआठ वर्षांची असताना, १८८१ साली, ती मठाच्या शाळेत गेली. अभ्यासात पुढे होती. तरी एका मोठ्या मुलीच्या जाचाने ती तिथे इतकी पिचली, की ती वर्षे आपल्या आयुष्यातली अत्यंत दुःखाची होती असे तिने पुढे लिहून ठेवले. १८८६ साली तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढले आणि एका बाईंकडे खासगी शिकवणी लावली. त्या मुलीला १९९७ साली ख्रिस्तसभेने आचार्यपद दिले, आणि तिच्या आईवडिलांना २०१५ साली संतपद. लेकीला हे सांगायचे की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. सांगितले असते तर वाद तिथेच संपला असता.

म्हणून मी तिला आधी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून केवढा रोष ओढवून घेतला. आणि त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या लेकीला पहाटे उठवून श्लोक पाठ करून घेतले. रमाबाई शाळेत गेल्याच नाहीत. तरी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. “मग?” लेक म्हणाली. मग असे, की घरी शिकलेल्या त्या बाईने पुढे आपले सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलींसाठी शाळा काढण्यात घालवले. १८८९ साली मुंबईत शारदासदन, नंतर केडगावचे मुक्तिसदन. अनंतशास्त्र्यांसारखा बाप आणि लक्ष्मीबाईंसारखी आई प्रत्येक मुलीला मिळत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल?

माझा खरा आक्षेप हाच होता आणि आजही आहे. आमच्या शाळेत पाड्यावरून एक मुलगी येई. चौथीत असताना ती सलग चार दिवस आली नाही. मी हजेरीपटावर चार फुल्या पाहिल्या आणि पाड्यावर गेले. आई वीटभट्टीवर, पोर घरी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. समजूत घालून तिला परत आणले. पुढे ती दहावी झाली. त्या चार फुल्या नसत्या तर तिच्या घराकडे कुणाची पावले वळणार होती? २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेत दाखल करणे हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले. घरी शिकवण्याविषयी तो कायदा काही बोलत नाही. सुशिक्षित आईबापांनी त्या मौनातून आपली वाट काढली, तर उद्या वीटभट्टीचा मुकादमही म्हणेल, ‘पोर घरीच शिकते आहे!’ शिवाय लेकीने नोकरी सोडली, ती जावयाच्या पगारावर घर चालते म्हणून. भाजीची टोपली घेऊन दादरला जाणाऱ्या बाईला हे कुठून जमावे?

लेकीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आई, त्या मुलीसाठी शाळा हवीच. मी कधी नको म्हटले? पण तिची शाळा टिकावी म्हणून माझ्या मुलाने दर सोमवारी ओकत राहायचे का?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यांची घरशाळा मी गेली काही वर्षे जवळून पाहते आहे. सकाळी दोन तास पुस्तके, मराठी माझ्याकडे. आधी बोलीतला शब्द तो सांगतो, मी तो मराठीत लिहिते, मग तो ओल्या वाळूवर बोटाने गिरवतो. बारा महिन्यांनी तो वाचू लागला, हळू, ओळीखाली पट्टी धरून. अपूर्णांक तो आजोबांच्या वाडीत केळीच्या फण्यांवर शिकला. बावखलातले पाणी किती उरले आणि पंप किती वेळ चालवावा याचे गणित त्याला माझ्याहून लवकर येते. पोटदुखी गेली. पण दुपारी साडेबारा वाजता शाळेतून सुटलेली मुले रस्त्याने आरडाओरडा करीत जातात, तेव्हा तो फाटकाशी जाऊन उभा राहतो, हेही मी पाहते. लेक तेवढ्या वेळात काहीतरी काम काढून आत जाते. तिचे केस या वर्षांत बरेच पांढरे झाले. चोवीस तास आई आणि त्यांतच बाई होणे सोपे नाही. शिक्षिकेला निदान चारचा तरी ठोका असतो.

परीक्षेची व्यवस्था आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदाव्या वर्षी देता येते. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहेच. नातेवाइकांना हे सांगितले की त्यांचा जीव थोडा खाली पडतो. मुलाला आजवर काय आले यापेक्षा त्याला दहावी करता येईल ना, याचीच त्यांना चिंता. असो.

नातवाला आता बारावे वर्ष लागले आहे. मागच्या पावसाळ्यात त्याने आपण होऊनच विचारले, “आजी, शाळेत जाऊन बघू?” लेकीचा चेहरा उतरला, तरी तिने आडकाठी केली नाही. ओळखीच्या एका लहान मराठी शाळेत, वर्गात जेमतेम वीस मुले, त्याला आठ दिवस नुसते बसू दिले. पहिल्या दिवशी डबा न खाता परत आला, तिसऱ्या दिवशी गुडघा फोडून आणि हसत. आठव्या दिवशी आम्ही दोघी ओट्यावर त्याची वाट पाहत बसलो होतो. लेक काही विचारीना, म्हणून मीच विचारले, कशी आहे शाळा?

“पोरे चांगली आहेत,” तो म्हणाला. “फुटबॉल पण आहे. फक्त ती घंटा, आजी. गणित अर्ध्यात असते तेव्हाच वाजते.”

पुढच्या जूनमध्ये जायचे की नाही, ते त्याने अजून ठरवलेले नाही. गणवेशाचे कापड किती लागते याची मात्र त्याने माझ्याकडे चौकशी केली आहे, आईला सांगू नकोस असे बजावून.