कालव्याच्या खालचं रान

सांगवीला जायचं तर बारामतीतून फलटणचा रस्ता धरायचा. मी मात्र आधी वाट वाकडी करून माळेगाव खुर्दला गेलो. तिथल्या उजाड माळावर २००९ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी केली. नाव सरकारी आणि बोजड, काम मात्र सरळ आहे: दुष्काळ, खारपण, उष्मा यांत पीक कसं जगवायचं ते शोधायचं. जागाही अशी की उगाच पुस्तकी वाद नको. वर जेमतेम वीतभर मुरूम आणि खाली सलग काळा कातळ. झाड लावण्याआधी लहान सुरुंगांनी खड्डे फोडावे लागले, मुरमात बाहेरची काळी माती कालवून ते भरावे लागले. त्या खड्ड्यांत आज डाळिंब, पेरू, चिकू उभे आहेत, ठिबकच्या थेंबांवर. पलीकडे सिमेंटच्या खांबांना बिलगलेलं ड्रॅगन फ्रूट. मध्य अमेरिकेतलं हे निवडुंगाच्या कुळातलं झाड दगडात आनंदाने राहतं. मार्चमध्ये त्याला फुलं नसतात. ती पावसाळ्याच्या तोंडावर येऊ लागतात आणि उमलतात रात्री. नुसत्या काटेरी पात्या पाहून पुढे झालो.

मला तिथे सगळ्यात आवडलं ते एक अवजार. ट्रॅक्टरला जोडायचं, खोडव्यासाठी बनवलेलं. पाचट रानातच राहू देऊन ते उसाचे बुडखे जमिनीलगत छाटतं, वरंब्याच्या बगला फोडतं, जुन्या मुळ्या तोडतं आणि खत पाचटाखाली मातीत पेरतं. पाचटाने झाकलेली जमीन ओल धरते. पण पेटवायला एक काडी पुरते आणि अवजाराला भाडं पडतं. त्या काडीच्या खुणा मला पुढे रस्त्याच्या दुतर्फा दिसल्या. काळी पडलेली रानं, काही अजून धुमसणारी.

बारामती शहराच्या मधूनच नीरा डावा कालवा वाहतो. १८७६-७७ च्या दुष्काळाने हबकलेल्या इंग्रज सरकारने तो खणला आणि १८८५ च्या सुमारास त्यात पाणी खेळलं. पुढे भाटघरला धरण झालं, १९२८ मध्ये त्याहून मोठं झालं. या एका पाटाने तालुक्याचे दोन तुकडे केले. वरच्या अंगाला मोरगाव-सुप्याचा जिरायती पट्टा, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. खालच्या अंगाला नीरेपर्यंत बागायत. पाऊस दोन्हीकडे सारखाच, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आडसाली उसाला पाटपाण्याने तीन हजारांहून जास्त लागतं. उरलेला हिशेब कालवा भागवतो.

सांगवी या खालच्या रानात, नदीच्या अंगाला. ऊस, अधूनमधून द्राक्षाचे मांडव, ट्रॉल्यांची रांग. ज्यांच्याकडे उतरलो ते आबा सत्तरीचे. चहा होताच म्हणाले, "चला, आमचं पांढरं सोनं दावतो." बांधाच्या कडेला जमिनीवर पीठ सांडल्यासारखा क्षारांचा थर होता. मधला तुकडा उपळटलेला, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडलेला. "वडिलांच्या टायमाला हितं पेव फुटल्यावानी ऊस यायचा."

यात नवं काही नाही, हेच वाईट आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला तो १९१० साली. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. भारी काळी जमीन पाणी पिते खूप, सोडते सावकाश. पाटाचा पाझर आणि सारीतलं जादा पाणी खाली साठतं, भूजल वर सरकतं, ऊन पाणी ओढून नेतं आणि क्षार वर ठेवून जातं. विश्वेश्वरय्यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी जास्त गावांना मिळावं आणि ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस असावा, असा बेत होता. आज सांगवीत उभं राहून तो तिसरा हिस्सा शोधून दाखवावा.

शेतकऱ्याला हावरट म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आवर्तन कधी येईल, किती दिवस चालेल याचा भरवसा नसला की माणूस पाळी आली त्या रात्री रान तुडुंब भरून घेतो. पाणीपट्टी घेतात पिकाच्या क्षेत्रावर. कमी पाणी वापरल्याचं कुणाला काय मिळतं? आबांच्या अर्ध्या रानात ठिबक आहे, कारण तिथे विहीर आहे आणि विहिरीचं पाणी हाताशी असतं. पाटाच्या पाण्यावर ठिबक चालवायचं तर शेततळं हवं, शेततळ्याला जागा हवी.

नदीचा पर्याय नाही का, म्हणून काठावर गेलो. पलीकडे सातारा जिल्हा. पाणी काळपट, कडेला फेस, वास असा की नाकाला रुमाल लावला. "ह्यो वरनं येतो," एवढंच आबा म्हणाले.

परतताना इलाजाचं बोलणं निघालं. जिप्सम टाकून झालंय, धैंचा गाडून झालाय. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा 'फुले २६५' चोपणातही तग धरतो, तो लावलाय. पण मुळातला उपाय म्हणजे निचरा: जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप अंथरायचे आणि खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पाइप आबांच्या रानात संपतात. ओढा पाच रानं पुढे आहे. पाचही जणांनी वाट दिली तरच काम.

"किती तयार आहेत?" मी विचारलं.

"चार."

"आणि पाचवा?"

"पाचवा माझा सख्खा भाऊ हाय," आबा म्हणाले आणि मोटारीचं बटण दाबायला विहिरीकडे निघाले.